काळोख नीट दिसावा म्हणून: फिल्म न्वारच्या डिस्कविषयी वाचकांचे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे हॉलिवुडमध्ये गुन्हा, फसवणूक आणि मोह यांच्या कृष्णधवल चित्रपटांची मोठी लाट आली. १९४६ साली नीनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकाने त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळे चित्रपट, म्हटलं आणि नाव कायमचं चिकटलं. हे चित्रपट डीव्हीडी आणि ब्लू-रेवर जमवणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत.

‘डीटूर’ (१९४५) या चित्रपटाच्या चार-पाच वेगवेगळ्या डिस्क ऑनलाइन दिसतात. एक अगदी किरकोळ किमतीत, दुसरी तिच्या कितीतरी पट महाग. चित्रपट एकच असताना एवढा फरक का? स्वस्तातली घेतली तर काय बिघडलं? (एक वाचक, डोंबिवली)

चित्रपट एकच आहे, पण डिस्क ज्या प्रिंटवरून काढली ती एक नाही. पैसे द्यायचे ते त्या प्रिंटचे.

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार १९६४ पूर्वीच्या चित्रपटाचा कॉपीराइट अठ्ठाविसाव्या वर्षी अर्ज करून वाढवून घ्यावा लागे. कधी निर्माती कंपनी तोवर बुडालेली असे, कधी अर्ज नुसताच राहून जाई. ‘डीटूर’, ‘स्कार्लेट स्ट्रीट’ (१९४५), ‘डी.ओ.ए.’ (१९५०) आणि आयडा लुपिनोंचा ‘द हिच-हायकर’ (१९५३) हे असे मोकळे झालेले चित्रपट. त्यामुळे हाती लागेल ती प्रिंट घेऊन कुणीही त्यांची डिस्क काढू शकतो. ही प्रिंट बहुतेक वेळा टीव्हीवर दाखवण्यासाठी काढलेली १६ मिलिमीटरची असते, नाहीतर तिच्यावरून भरलेली जुनी व्हिडिओ टेप.

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरांचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. फिल्मचंही तेच होतं. मूळ निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह, तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, तिच्यावरून प्रिंट, असं प्रत्येक पिढीला काळं आणखी काळं होतं, पांढरं आणखी जळतं आणि मधल्या करड्या छटा नाहीशा होतात. विनोदी चित्रपटात हे एक वेळ खपून जाईल. न्वारमध्ये सगळी गोष्टच त्या करड्या छटांत सांगितलेली असते.

‘डीटूर’मधलाच प्रसंग घ्या. रस्त्याकडेच्या खानावळीत नायक कॉफीचा मग पुढे घेऊन बसलेला आहे. तो भूतकाळात शिरतो तसा भोवतालचा उजेड मंदावत जातो आणि शेवटी फक्त डोळ्यांवर उजेडाची एक आडवी पट्टी उरते. चांगल्या डिस्कवर पट्टीच्या खाली-वर गाल, कपाळ, दाढीचे खुंट अंधुक दिसत राहतात, त्यामुळे तो माणूस अंधारात बसलाय हे कळतं. वाईट डिस्कवर काळ्या डबक्यात एक पांढरी रेघ दिसते, एवढंच.

या चित्रपटाचं नीट पुनरुज्जीवन २०१८ साली झालं. त्यासाठी वापरलेल्या मुख्य प्रिंटपैकी एक बेल्जियमच्या संग्रहातली होती. तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश उपशीर्षकं चित्रातच छापलेली होती आणि ती एकेक फ्रेम दुरुस्त करून काढावी लागली. क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क-कंपनीची २०१९ ची ब्लू-रे त्यावरूनच निघाली. महाग डिस्कचे पैसे या कामाचे आहेत.

मोकळ्या झालेल्या चित्रपटाची प्रत्येक डिस्क वाईट, असा मात्र याचा अर्थ नाही. ‘स्कार्लेट स्ट्रीट’ आणि ‘द हिच-हायकर’ यांच्या किनो लॉर्बरने काढलेल्या ब्लू-रे लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपलेल्या ३५ मिलिमीटर फिल्मवरून बनल्या आहेत. ‘वूमन ऑन द रन’ (१९५०) तर हातचाच गेला होता. त्याची अमेरिकेतली माहीत असलेली एकमेव प्रिंट २००८ साली युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत जळाली. पुढे लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या साहित्यावरून फिल्म न्वार फाउंडेशन आणि यूसीएलए विद्यापीठाच्या फिल्म संग्रहाने तो पुन्हा उभा केला. फ्लिकर अ‍ॅलीने २०१६ मध्ये त्याची डिस्क काढली. ‘टू लेट फॉर टिअर्स’ (१९४९) याच मंडळींनी वाचवला. या दोन्ही डिस्क मिळतील तेव्हा घेऊन ठेवा.

घेण्याआधी वेष्टनाच्या मागचा मजकूर वाचा. ‘३५ मिमी’, ‘मूळ निगेटिव्ह’, ‘फाइन ग्रेन’ (मूळ निगेटिव्हवरून काढलेली पॉझिटिव्ह), ‘२के’ किंवा ‘४के’ स्कॅन आणि कोणत्या संग्रहातून फिल्म आली हे लिहिलेलं असेल तर काम केलेलं आहे. नुसतं ‘डिजिटली रीमास्टर्ड’ म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. एका डिस्कमध्ये दहा चित्रपट कोंबलेले असतील तर तिकडे बघूही नका.

न्यू जर्सीहून भावाने सहा ब्लू-रे आणि काही डीव्हीडी आणल्या. आमच्या प्लेअरवर काहीच लागत नाही. डिस्क खराब आहेत का? भाऊ तिथला प्लेअरही पाठवतो म्हणतो. (एक वाचक, नाशिक)

डिस्क बहुधा ठीक आहेत, अडचण रीजनची, म्हणजे जगाचे विभाग पाडून डिस्कला घातलेल्या कुलपाची आहे. डीव्हीडीसाठी भारत रीजन ५, अमेरिका १, ब्रिटन २. ब्लू-रेची विभागणी वेगळी: अमेरिका ए, ब्रिटन-युरोप-ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. प्लेअर आणि डिस्क जुळले नाहीत तर पडद्यावर सूचना येते आणि डिस्क थांबते.

आधी प्रत्येक डिस्कच्या मागचं छोटं पृथ्वीगोलाचं किंवा षटकोनी चिन्ह बघा. सगळ्याच डिस्क कुलूपबंद नसतात. वॉर्नर आर्काइव्हच्या, म्हणजे वॉर्नर स्टुडिओच्या जुन्या चित्रपटांच्या मालिकेतल्या, ब्लू-रे बहुधा कुठेही चालतात, क्रायटेरियनच्या अमेरिकी आणि किनो लॉर्बरच्या ब्लू-रे ए रीजनलाच चालतात. ४के यूएचडी डिस्कला रीजन नसतं. पण ४केच्या पाकिटात सोबत जी साधी ब्लू-रे असते तिला असू शकतं आणि जादा माहितीपट बरेचदा त्या साध्या डिस्कवरच असतात.

डीव्हीडीचं बंधन काही प्लेअरमध्ये रिमोटवर ठरावीक आकडे दाबून निघतं. ब्लू-रेचं तसं सहसा निघत नाही, त्यासाठी प्लेअरच्या आत काम केलेलं असावं लागतं. म्हणून घेतानाच ‘ब्लू-रे ए, बी, सी आणि डीव्हीडी ० ते ८’ असं स्पष्ट लिहिलेला मल्टी-रीजन प्लेअर घ्या. नुसतं ‘रीजन फ्री’ लिहिलेले पुष्कळ प्लेअर फक्त डीव्हीडीपुरते फ्री असतात. संग्रह वाढवायचा असेल तर पहिला खर्च याच यंत्रावर करा. ते नसेल तर ब्रिटन आणि अमेरिकेतल्या निम्म्या चांगल्या आवृत्त्यांना तुम्ही मुकाल.

संगणकाच्या ड्राइव्हवर डीव्हीडी लावत असाल तर रीजन फक्त पाच वेळा बदलता येतं. पाचव्या बदलानंतर ड्राइव्ह त्या रीजनवर कायम अडकतो, म्हणून ‘बदलू का?’ या प्रश्नाला सहज ‘हो’ म्हणू नका.

तिथला प्लेअर पाठवण्याआधी भावाला त्याच्या मागची पट्टी वाचायला सांगा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर फक्त पिन बदलावी लागेल. ‘१२० व्होल्ट’ असेल तर आपल्या सॉकेटमध्ये लावल्याबरोबर जळेल. शिवाय अमेरिकी प्लेअर पाल पद्धतीच्या, म्हणजे भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या, डीव्हीडी बहुधा दाखवत नाहीत. आपल्याकडचे प्लेअर आणि टीव्ही मात्र पाल आणि एनटीएससी (अमेरिकी पद्धत) दोन्ही चालवतात.

‘आउट ऑफ द पास्ट’ (१९४७) सगळीकडे ९७ मिनिटांचा म्हणून नोंदलेला आहे. माझ्या युरोपातल्या डीव्हीडीवर तो ९३ मिनिटांत संपतो. चार मिनिटं कुणी कापली? (एक वाचक, कोल्हापूर)

कुणीही नाही. फिल्म सेकंदाला २४ फ्रेमने चालते, पाल डीव्हीडी २५ ने. प्रत्येक फ्रेम जागेवर आहे, फक्त सगळं चार टक्के भरभर चालतं. हिशेब सोपा आहे: मूळ मिनिटांना ०.९६ ने गुणा. ९७ चे ९३ होतात.

मिनिटं जातात त्याचं फारसं दुःख नको, आवाज चढतो त्याचं मात्र आहे. वेग दुरुस्त केलेला नसेल तर स्वर जवळजवळ पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर जातो. संवादात कान सरावतो. पण ‘द थर्ड मॅन’मध्ये (१९४९) आंतोन कारास यांचं झिदर ऐका: पाल डीव्हीडीवर तारा जास्त ताणल्यासारख्या वाजतात. ब्लू-रेवर चित्रपट २४ फ्रेमनेच असतो, म्हणून जिथे ब्लू-रे आहे तिथे पाल डीव्हीडी घेऊ नये.

आता याची दुसरी बाजू. ०.९६ ने गुणूनही हिशेब जुळला नाही, किंवा ब्लू-रेच कमी मिनिटांची निघाली, तर मात्र आवृत्ती वेगळी आहे. न्वारमध्ये हे वारंवार होतं, आणि ही माहिती असल्याशिवाय पैसे टाकू नयेत.

‘द थर्ड मॅन’ ब्रिटनमध्ये १०४ मिनिटांचा होता. अमेरिकेत तो ११ मिनिटं कापून ९३ चा केला. ओळखायची खूण पहिल्याच मिनिटाला मिळते: सुरुवातीचं निवेदन ब्रिटिश आवृत्तीत दिग्दर्शक कॅरल रीड यांच्या आवाजात आहे, अमेरिकी आवृत्तीत जोसेफ कॉटन यांच्या.

‘द बिग स्लीप’ची १९४५ ची पहिली जुळणी ११६ मिनिटांची. ती परदेशातल्या सैनिकांना दाखवली गेली. मग लॉरेन बकॉलची काही दृश्यं नव्याने घेतली, सरकारी वकिलाच्या कचेरीत सगळा गुंता उलगडून सांगणारा प्रसंग काढला आणि १९४६ मध्ये ११४ मिनिटांचा चित्रपट प्रदर्शित झाला. फरक दोनच मिनिटांचा दिसतो, पण आतली अदलाबदल बरीच मोठी आहे. ‘कथा कळलीच नाही’ म्हणणाऱ्यांनी १९४५ ची बघावी. चित्रपट म्हणून १९४६ ची सरस आहे, असं आमचं मत. वॉर्नर आर्काइव्हच्या ब्लू-रेवर दोन्ही आहेत.

‘नाइट अँड द सिटी’ची (१९५०) ब्रिटिश आवृत्ती पाचेक मिनिटं मोठी आणि तिचं पार्श्वसंगीतही वेगळं, ब्रिटिश आवृत्तीत बेंजामिन फ्रँकेल यांचं, अमेरिकीत फ्रांत्स वॅक्समन यांचं. ‘किस मी डेडली’च्या (१९५५) प्रिंटमधून शेवटचं मिनिटभर कित्येक वर्षं गायब होतं. ते १९९७ मध्ये परत जोडलं गेलं, त्याआधीच्या टेप आणि डिस्कवर शेवट तुटका आहे आणि त्याने अर्थच बदलतो.

सर्वांत गुंतागुंतीचा ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८). प्रदर्शित झालेली आवृत्ती ९५ मिनिटांच्या आसपास, नंतर सापडलेली चाचणी-खेळाची आवृत्ती १०९ ची, आणि ऑर्सन वेल्स यांनी स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी टिपणाबरहुकूम १९९८ मध्ये जुळवलेली १११ ची. १९९८ च्या आवृत्तीत सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध अखंड शॉटवरची श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनींचं शीर्षकसंगीत काढून टाकलं आहे. रस्त्यावरच्या दुकानांतून, गाड्यांतून येणारे आवाज तेवढे ऐकू येतात. तिन्ही आवृत्त्या एकत्र असलेलीच डिस्क घ्या.

नवा ५५ इंची टीव्ही घेतला. जुन्या टीव्हीवर छान दिसणारे चित्रपट आता विचित्र दिसतात: काळा रंग राखाडी, चेहरे मेणाचे, हालचाल मालिकेतल्यासारखी. दुकानदार म्हणतो जुनं चित्र असंच दिसणार. (एक वाचक, ठाणे)

दुकानदाराचं ऐकू नका. टीव्ही दुकानातल्या झगझगाटात उठून दिसावा अशा बेताने कारखान्यातून येतो, ती मांडणी घरी बदलायची असते. वीस मिनिटांचं काम आहे.

पिक्चर मोड ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ करा. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ किंवा ‘वॉर्म २’ वर न्या. पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटेल, कारण आधीचं निळसर होतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. नॉइज रिडक्शन बंद: मेणाचे चेहरे त्याच्यामुळेच दिसतात. चित्रात जी बारीक रवाळ थरथर असते ते फिल्मवरच्या चांदीचे कण आहेत, घाण नव्हे. ते पुसायला गेलं की त्वचा, कापडाचा पोत, पावसाचे थेंब सगळंच पुसलं जातं. मोशन स्मूदिंग बंद, मग मालिकेसारखी हालचाल थांबेल. शार्पनेस शून्य किंवा अगदी खाली, नाहीतर टोपीच्या कडेभोवती पांढरी रेघ उमटते.

राहिला काळा रंग. प्लेअरच्या एचडीएमआय सेटिंगमध्ये ‘लिमिटेड’ आणि टीव्हीतही ‘लिमिटेड’ किंवा ‘ऑटो’ ठेवा. प्लेअर ‘लिमिटेड’ आणि टीव्ही ‘फुल’ असला की काळं राखाडी होतं. उलट असलं की सावल्यांतला तपशील गिळला जातो. तुमचं लक्षण पहिलं आहे.

मग ‘ब्राइटनेस’. नाव फसवं आहे: पडद्याचा उजेड ‘बॅकलाइट’ने बदलतो, ब्राइटनेसने काळ्याची पातळी बदलते. १९५३ पूर्वीचा चित्रपट ब्लू-रेवर लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात. त्या पट्ट्याच तुमची मोजपट्टी. खोली अंधारी करा, ब्राइटनेस वाढवत न्या, पट्ट्या करड्या होऊ लागल्या की थांबा, आणि त्या पुन्हा काळ्या होईपर्यंत एकेक घर खाली या. तिथेच सोडा. त्याहून खाली गेलात की काळ्या कोटाची कॉलर आणि मागची भिंत एक होतील.

पडताळून बघायला ‘द बिग काँबो’चा (१९५५) शेवट लावा. छायाचित्रकार जॉन ऑल्टन यांनी विमानतळाच्या धुक्यात दोन आकृत्या उभ्या केल्या आहेत, पाठीमागून एकच झोत. आकृत्या पूर्ण काळ्या हव्यात, पण धुकं पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सलग उतरत जायला हवं. धुक्यात पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे दिसले तर टीव्हीचं एखादं ‘सुधारणा’ करणारं बटण अजून चालू आहे, किंवा डिस्क फार दाबून भरलेली आहे.

आणि चित्र पडदाभर ताणू नका. १९५३ पूर्वीचे हे चित्रपट १.३७ : १ या जवळजवळ चौकोनी मापात घेतलेले आहेत. ताणलं की माणसं तिसऱ्या हिश्श्याने जाड होतात, ‘झूम’ केलं की वर-खालचा मिळून पाव भाग जातो. न्वारमध्ये छताचा पंखा आणि जमिनीवरच्या सावल्या तिथेच असतात.

घरात आई-वडिलांना भराभर बोललेलं अमेरिकी इंग्रजी कळत नाही. डीव्हीडीवर ‘सीसी’ लिहिलंय, पण अक्षरं काही येत नाहीत. (एक वाचक, सांगली)

‘सीसी’ म्हणजे क्लोज्ड कॅप्शन. ती अमेरिकी टीव्ही सिग्नलच्या एका लपलेल्या ओळीत भरलेली असतात आणि एचडीएमआय केबलमधून जातच नाहीत. संगणकावर व्हीएलसी या सॉफ्टवेअरमध्ये डीव्हीडी लावली तर सबटायटल ट्रॅकच्या यादीत ती सापडतात. टीव्हीवर हवी असतील तर वेष्टनावर ‘एसडीएच’ (कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची उपशीर्षकं) किंवा ‘इंग्लिश सबटायटल्स’ असं लिहिलेली डिस्कच घ्या. क्रायटेरियन आणि वॉर्नर आर्काइव्हच्या ब्लू-रेवर ती असतात. मोकळ्या झालेल्या चित्रपटांच्या स्वस्त डीव्हीडीवर जवळपास कधीच नसतात.

घर समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर. पावसाळ्यात पुठ्ठ्याची पाकिटं, पुस्तिका यांना बुरशी धरते, काही डिस्कवर पांढरे डाग आले आहेत. काय करावं? (एक वाचक, रत्नागिरी)

बुरशी बहुतेक वेळा कागदावर वाढते, डिस्कवर नाही. डिस्क प्लास्टिकची आहे, तिच्यावर शेजारच्या पाकिटातली बीजं आणि हवेतला खार बसतो. म्हणून जूनच्या आधी कागद आणि डिस्क वेगळे करा: पुठ्ठ्याची बाहेरची पाकिटं आणि पुस्तिका एका हवाबंद डब्यात, प्लास्टिकच्या डबीतल्या डिस्क दुसऱ्यात, उभ्या. वीस लिटरच्या डब्याला साधारण १०० ग्रॅम सिलिका जेल पुरते. निळी नको, नारिंगी घ्या: निळीत कोबाल्ट असतं. रंग उतरला की स्वतंत्र ताटलीत पसरून ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास तापवा, पुन्हा कामाला येते. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा ४० ते ५० टक्क्यांवर राखा. डांबराच्या गोळ्या चुकूनही ठेवू नका, त्यांच्या वाफेने डिस्कच्या डब्यांचं प्लास्टिक मऊ पडतं.

डाग असलेली डिस्क कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकून त्यात धरा, बोटाच्या पेराने हलकेच पुसा, मग डिस्टिल्ड वॉटरने धुवा. नळाचं पाणी शेवटी वापरलं तर क्षारांचे नवे डाग पडतात. मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या आणि पुसायचंच झालं तर मध्यातून कडेकडे सरळ पुसा. गोल फिरवून पुसलं की ओरखडा माहितीच्या ओळीच्या दिशेनेच जातो आणि प्लेअरला तो दुरुस्त करता येत नाही. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल अजिबात नको. टूथपेस्ट लावून घासायचा घरगुती उपाय डीव्हीडीवर एक वेळ चालून जातो, कारण तिचा माहितीचा थर ०.६ मिलिमीटर आत असतो. ब्लू-रेचा थर फक्त ०.१ मिलिमीटर आत आहे. तिथे टूथपेस्ट म्हणजे डिस्क गेलीच.

बुरशीशी संबंध नसलेली, पण डिस्क आतून बिघडवणारी आणखी एक गोष्ट इथेच सांगतो. २००६ ते २००८ दरम्यान बनलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतूनच निकामी होत असल्याचं कंपनीने २०२५ मध्ये मान्य केलं. ‘फिल्म न्वार क्लासिक कलेक्शन’चा तिसरा संच २००६ चा आणि चौथा २००७ चा, म्हणजे याच काळातले. अशी डिस्क दिसायला स्वच्छ असते, सुरू होते, मेनूही येतो, आणि मध्येच चित्र अडकतं. दोन थरांच्या डीव्हीडीत पहिला थर आतून बाहेर वाचला जातो, दुसरा बाहेरून आत, आणि बिघाड बहुधा त्या बाहेरच्या वळणावर लक्षात येतो. म्हणून डिस्क तपासताना पहिली पाच मिनिटं बघून ठेवून देऊ नका. मधली वीस मिनिटं पूर्ण बघा, आणि जमलं तर सगळीच.

वर्षाला दहा-बाराच डिस्क घेणं परवडतं. कुठून सुरुवात करू? (एक वाचक, पुणे)

आधी ज्यांची डिस्क उत्तम आहे आणि पुढे मिळेनाशी होऊ शकते ते घ्या. ‘डबल इंडेम्निटी’ (१९४४), ‘आउट ऑफ द पास्ट’, ‘इन अ लोनली प्लेस’ (१९५०), ‘गन क्रेझी’ (१९५०), ‘डीटूर’, ‘टच ऑफ इव्हिल’. मग अँथनी मान आणि जॉन ऑल्टन या जोडीचे ‘टी-मेन’ (१९४७) आणि ‘रॉ डील’ (१९४८): क्लासिकफ्लिक्सने काढलेल्या त्यांच्या ब्लू-रे येईपर्यंत या दोन चित्रपटांतला अंधार घरी कुणी धड पाहिलाच नव्हता, असं म्हणायला हरकत नाही.

हक्क कुणाकडे आहेत हे माहीत असलं की शोधणं सोपं जातं. ‘डबल इंडेम्निटी’ पॅरामाउंटने बनवला, पण १९५० पूर्वीचे त्यांचे बहुतेक बोलपट १९५८ मध्ये विकले गेले आणि आज युनिव्हर्सलकडे आहेत. आरकेओ या जुन्या स्टुडिओचे चित्रपट अमेरिकेत वॉर्नरकडे आहेत. हक्क हलले की डिस्क बाजारातून जाते: क्रायटेरियनची ‘द थर्ड मॅन’ची ब्लू-रे २००८ मध्ये आली आणि २०१० मध्ये बंद झाली. ट्वायलाइट टाइम नावाची कंपनी बहुतेक चित्रपटांच्या तीनच हजार प्रती काढायची, २०२० मध्ये ती कंपनीही मिटली. उलट मोठे संच घाईने घेऊ नका. तीन-चार चित्रपटांच्या संचात दोन तुमच्याकडे आधीच असतात.

अमेरिकेत क्रायटेरियनची निम्म्या किमतीची विक्री बार्न्स अँड नोबल या पुस्तकांच्या दुकानांत बहुधा जुलै आणि नोव्हेंबरमध्ये असते. तिथे कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या पत्त्यावर मागवून सामानातून आणणं सर्वांत स्वस्त. पोस्टाने मागवताना डिस्कची किंमत, टपालखर्च, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरिअरवाल्याचा हाताळणी आकार एवढं सगळं मिळवून मगच ‘स्वस्त’ की ‘महाग’ ते ठरवा.

आपल्या हिंदीतले ‘बाजी’, ‘जाल’, ‘सी.आय.डी.’ याच पठडीतले ना? त्यांच्या कोणत्या डिस्क घ्याव्यात? (एक वाचक, दादर)

हो, आणि त्यांना संग्रहात मानाची जागा द्या. गुरुदत्त यांचा ‘बाजी’ (१९५१), त्यांचाच ‘जाल’ (१९५२) आणि राज खोसला यांचा ‘सी.आय.डी.’ (१९५६). शेवटच्या दोन्हींचं छायाचित्रण व्ही. के. मूर्तींचं. व्हीसीडी घेऊ नका: तिचं चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचं, अंधाऱ्या दृश्यात नुसते चौकोन हलतात. डीव्हीडी घ्यायची ती एका डिस्कवर एकच चित्रपट असलेली. गणित बघा: दोन थरांची डीव्हीडी ८.५ जीबीची. १४० मिनिटांचा एकच चित्रपट असेल तर सेकंदाला सरासरी ८ मेगाबिट मिळतात. ‘थ्री इन वन’मध्ये तेच पावणेतीनच्या घरात येतात, आणि सर्वांत आधी मार बसतो तो सावल्यांना. कोपऱ्यात कंपनीचं बोधचिन्ह सतत दिसतं का, गाणी पूर्ण आहेत का, हेही विकत घेण्याआधी विचारून घ्या.

मागवलेल्या डीव्हीडीची खालची बाजू जांभळट आहे. नकली मिळाली का? (एक वाचक, मडगाव)

जांभळट म्हणजे ती कारखान्यात छापलेली नाही, रेकॉर्ड केलेली आहे. छापील डीव्हीडी चांदीसारखी दिसते आणि आतल्या पारदर्शक कड्यावर बारीक अक्षरांत ‘आयएफपीआय’ने सुरू होणारा क्रमांक असतो. पण तेवढ्यावरून नकली म्हणू नका. वॉर्नर आर्काइव्हने २००९ पासून मागणीनुसार एकेक डीव्हीडी-आर रेकॉर्ड करूनच विकली आणि त्या अधिकृत आहेत. वेष्टनावर कंपनीचं नाव, हक्काची ओळ आणि मागणीनुसार बनवल्याची नोंद आहे का ते बघा. हक्कदार कंपनीचं नावच नसेल आणि तरीही ‘ब्लू-रे’ म्हणून रेकॉर्ड केलेली डिस्क आली असेल, तर परत करा.

अधिकृत असली तरी डीव्हीडी-आरमधला रंगद्रव्याचा थर उजेडाने, विशेषतः उन्हाने, फिका पडतो. ती खिडकीसमोरच्या उघड्या फळीवर ठेवू नका, बंद डबीत, कपाटाच्या आतल्या बाजूला ठेवा. आणि त्याच चित्रपटाची छापील ब्लू-रे आली की बदलून घ्या: ‘मर्डर, माय स्वीट’ (१९४४) आणि ‘गन क्रेझी’ यांच्या आलेल्या आहेत.